इंग्लंडमध्ये मोठ्या घरात दोघेच राहत असल्यास पाण्याचा मीटर बसवून घ्यावा का?

इंग्लंडमधल्या तीन बेडरूमच्या जुन्या घरात आपण दोघेच राहता, पाण्याचे बिल वर्षाला ठोक रकमेचे येते आणि मीटर बसवल्यास पैसे वाचतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बहुधा वाचतील, मात्र मीटर बसवण्याआधी घरातला फ्लश अवश्य तपासून घ्या.

आपले सध्याचे बिल घराच्या रेटेबल व्हॅल्यूवर, म्हणजे आपल्याकडे घरपट्टीसाठी धरतात तशा करयोग्य मूल्यावर आकारलेले असणार. 1990 नंतर ही मूल्ये नव्याने ठरवलेलीच नाहीत, त्यामुळे त्या घरात दोघे राहोत की सहा, रक्कम तीच राहते. म्हणूनच माणसांइतक्या किंवा त्याहून अधिक बेडरूम असतील तर मीटरचा विचार करावा, असा ठोकताळा येथे सांगितला जातो. माणशी दिवसाला सुमारे 140 लिटर धरले, तर दोघांचे वर्षाचे पाणी साधारण 102 घनमीटर होते. या आकड्याला आपल्या कंपनीच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या अशा दोन्ही दरांनी गुणा, त्यात स्थिर आकार मिळवा आणि मग चालू बिलाशी ताडून पाहा. सांडपाण्याचा आकारही त्याच मीटरवरून निघतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आम्ही मीटर बसवला तेव्हा पहिल्या वर्षी बिल जवळपास एक तृतीयांशाने उतरले. पुढच्या उन्हाळ्यात माझे आईवडील भारतातून सहा महिन्यांसाठी आले आणि त्या सहामाहीचे बिल दुपटीहून अधिक आले. मी आईला भाज्या आणि तांदूळ धुताना नळ बारीक सोडायला सांगितले. ती बिचारी त्यानंतर भांडीसुद्धा बादलीत पाणी घेऊन विसळू लागली. दोष तिचा नव्हताच. वरच्या मजल्यावरच्या फ्लशच्या टाकीतला वॉशर झिजला होता आणि पाण्याची बारीक, आवाज न करणारी धार दिवसरात्र कमोडच्या भांड्यात उतरत होती. अशा गळतीत दिवसाला दोनशे ते चारशे लिटर पाणी सहज जाते, म्हणजे दोन-तीन माणसे घरात वाढल्यासारखेच झाले. आईला उगाच बोललो, याचे मला आजही वाईट वाटते. टाकीत खाण्याचा रंग टाकून तासभर फ्लश न करता थांबावे. भांड्यातले पाणी रंगले तर गळती आहे असे समजावे. मीटर असल्यास रात्री आणि सकाळी, मधल्या वेळात पाणी न वापरता, आकडा पाहिला तरी उलगडा होतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कंपनी मीटर विनामूल्य बसवते. स्कॉटलंडमध्ये तो खर्च आपल्यालाच करावा लागतो. आपण भाडेकरू असाल आणि करार सहा महिन्यांचा किंवा अधिक असेल, तर मीटर मागण्याचा हक्क आपल्यालाही आहे. जागेअभावी मीटर बसवता आला नाही, तर कंपनीकडे ‘असेस्ड चार्ज’, म्हणजे मीटरऐवजी अंदाजाने ठरवलेला आकार, मागा. तो कित्येकदा ठोक बिलापेक्षा कमी असतो. छपरावरचे पावसाचे पाणी गटारात न जाता बागेतल्या शोषखड्ड्यात जात असेल, तर त्याबद्दलची सूटही अर्ज करूनच मिळते.

मीटर स्वतःहून मागितला असेल, तर ठरावीक मुदतीत जुन्या आकारणीकडे परत जाता येते. ती मुदत आपल्या कंपनीकडून लेखी विचारून ठेवा, कारण ती उलटल्यावर परतीचा मार्ग राहत नाही आणि आईवडील येऊन राहणार असतील किंवा घरात मूल येणार असेल, तर हाच हिशेब वेगळा निघू शकतो.