वाचकांचे प्रश्न : तापलेला स्लॅब, अर्ध्याच उघडणाऱ्या खिडक्या आणि ब्लॉकच्या भेगा

प्रश्न : आमचा मजला शेवटचा, घर ३०० चौरस फुटांचं. एप्रिल-मे मध्ये रात्री बारापर्यंत पंख्यातून गरम वारा येतो. पीओपीचं फॉल्स सीलिंग करून घ्यावं का? (सोलापूर)

उत्तर : नको. स्लॅब तापल्यावर त्याच्या खाली आडोसा लावून फारसं साधत नाही. उलट आधीच कमी असलेली उंची अर्ध्या फुटाने घटते. ऊन स्लॅबला भिडण्याआधी अडवायचं, म्हणजे काम गच्चीवरच करायचं. करड्या सिमेंटची गच्ची बहुतेक ऊन पिते, ताजा पांढरा लेप त्यातलं बरंचसं परत फेकतो. अहमदाबादने २०१७ मध्ये वस्त्यांमधल्या छपरांवर हा उपाय सुरू केला, तेलंगणाने तर २०२३ मध्ये त्याचं धोरणच आणलं.

आधी गळतीचा निकाल लावा. पाणी वाहून जाणाऱ्या तोट्या बंद करून गच्चीवर इंचभर पाणी २४ तास साचवा आणि खालून छत पाहा. ओल दिसली तर आधी ती दुरुस्ती, मग रंग. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडून काढा, धुवा आणि दोन-तीन कडक उन्हं खाऊ द्या. ओलसर स्लॅबवर लेप दिला की आतली वाफ बाहेर पडायला बघते, लेप फुगतो आणि पापुद्रे निघतात. ‘रंग वर्षभरही टिकला नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. प्रायमर, त्यावर एक उभा हात, तो वाळल्यावर दुसरा आडवा. बाहेरच्या वापराचा इलॅस्टोमेरिक (रबरासारखा ताणणारा) पांढरा रंग दोन हातांना मिळून लिटरमागे साधारण २० ते २५ चौरस फूट जातो, म्हणजे तुमच्यापुरता १२ ते १५ लिटर. खडबडीत कोब्यावर जास्त लागेल. डब्यावरचा आकडा बघून घ्या. पैसे नसतील तर भिजवलेला चुना डिंक घालून लावा. तो पावसात धुऊन जातो, पण एक उन्हाळा काढतो.

आतल्या हवेत दोन-तीन अंशांचा फरक धरा; दहा अंश सांगणाऱ्या विक्रेत्याला दारातूनच परत पाठवा. धुळीने पांढरेपणा मरतो, म्हणून मार्चच्या आधी गच्ची एकदा धुवायची. गच्ची सोसायटीची असल्यामुळे कमिटीची लेखी परवानगी घ्या. चायना मोझेक (टाइल्सच्या तुकड्यांचा थर) जास्त टिकतं, पण जुन्या जाड कोब्यावर ते वजन इंजिनिअरला विचारल्याशिवाय चढवू नका.

प्रश्न : परवडणाऱ्या घरांच्या योजनेत ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचं घर घेतोय. बांधकाम मायव्हानचं आहे. ताबा घेण्याआधी काय तपासावं? (कल्याण)

उत्तर : मायव्हान म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतायचे. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात, प्लास्टर जवळपास लागत नाही. मोठ्या योजनांना म्हणूनच ते सोयीचं. राहणाऱ्याच्या बाजूने गोम अशी, की सहा इंची काँक्रीटची भिंत आठ इंची एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीच्या चौपट तरी उष्णता आत सोडते. शिवाय भिंतीच इमारतीचा भार पेलतात. खिडकी वाढवणं, मधली भिंत काढणं हे विसरा. एसीच्या पाइपसाठी भोक पाडायचं तरी बिल्डरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

त्यामुळे नकाशावर पहिल्यांदा पश्चिम शोधा. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा पुरतो, कारण तिथला सूर्य डोक्यावर असतो. पश्चिमेचं ऊन चारनंतर आडवं येतं आणि छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. तिथे उभे पडदे किंवा बांबूचा चिक लागतो, तोही काचेच्या बाहेरून. आतला पडदा उजेड अडवतो, पण ऊन तोवर काच ओलांडून आलेलं असतं.

मग खिडक्या मोजा. केंद्राच्या इको निवास संहितेनुसार (२०१८) उष्ण-दमट हवामानात चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के जागा उघडता यायला हवी. तुमच्या घराला ती साधारण ५ चौरस मीटर होते. चार फूट बाय चार फुटांची खिडकी दीड चौरस मीटरची, पण सरकती असेल तर उघडते निम्मीच. अशा चार खिडक्या मिळून ३ चौरस मीटरसुद्धा भरत नाहीत. त्याच खिडक्या बिजागऱ्यांच्या असत्या तर पाचच्या वर भरल्या असत्या! बाल्कनीचं दार या हिशोबात धरा, जिन्याकडे उघडणारं धरू नका. घरातल्या सगळ्या खिडक्या एकाच भिंतीला असतील तर आकडा जमूनही वारा खेळणार नाही. दोन फ्लॅट बाकी सारखेच असतील, तर दोन भिंतींना खिडक्या मिळतात म्हणून आम्ही कोपऱ्यावरचा निवडू.

प्रश्न : तळमजला अधिक दोन मजले बांधतोय. शेजारच्या इमारतीत ब्लॉकच्या भिंतींना वर्षभरात भेगा गेल्या. साध्या विटाच वापरू का? (नाशिक)

उत्तर : भेगा बहुतेक वेळा ब्लॉकमुळे नाही, ते विटेसारखे लावल्यामुळे पडतात. एएसी ब्लॉक कारखान्यातून ओला येतो आणि वाळताना आकसतो. गवंडी सवयीने तो हौदात बुडवतो, वर सिमेंट-वाळूचा १:४ चा जाड माल भरतो आणि भिंत बीमला घट्ट ठोकून टाकतो. आकसायला जागा नसली की भिंत फुटणारच.

ताजे ब्लॉक साइटवर घेऊ नका; महिनाभर जुने, ताडपत्रीखाली ठेवलेले घ्या. लावताना पृष्ठभागावर पाण्याचा हात फिरवला की बस. तयार जॉइंटिंग मॉर्टर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. दर तीन-चार फुटांवर सळईसह आरसीसी पाटली, म्हणजे काँक्रीटचा आडवा पट्टा. बीमखाली अर्धा इंच फट ठेवा आणि ती प्लास्टरच्या आधी, शेवटी भरा. कॉलम-बीमच्या सांध्यावर दोन्हीकडे चार-चार इंच येईल अशी चिकन मेश ठोका. प्लास्टर १:६ चं; जास्त सिमेंटचा माल इथे नडतो.

खर्च कमी करायचा तर फ्लाय ॲशची (कोळशाच्या राखेची) वीटही चांगली, आणि एकलहरे वीज केंद्राची राख तुमच्या जवळच आहे. कारखान्यांचा दर्जा मात्र कमी-जास्त असतो. कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. ३ किलोची वीट ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली तर गाडी परत करा. उभ्या विटांची रॅट-ट्रॅप बांधणी पाव हिश्शाच्या आसपास विटा वाचवते आणि मधल्या पोकळीमुळे भिंत कमी तापते. फक्त विजेच्या पाइपची आखणी आधी हवी आणि गवंड्याला हे काम येत असावं. शिकाऊ हाताखाली पोकळीत माल पडत राहतो, आणि पावसाची ओल त्याच मालावरून आत येते.

प्रश्न : ३०० चौरस मीटर गच्चीचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचं आहे. फायदा होईल? (पुणे)

उत्तर : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ७०० मिलिमीटर पाऊस आणि १५ टक्के घट धरली तरी वर्षाचं पाणी पावणेदोन लाख लिटरच्या वर जातं. पहिल्या सरींचं ६०० लिटर पाणी, म्हणजे सुरुवातीचे २ मिलिमीटर, गटारात सोडायची तोटी हवीच. गच्चीवर कपडे धुतले जात असतील किंवा टाकीचा ओव्हरफ्लो त्याच पाइपात येत असेल, तर आधी ती जोडणी तोडा. फिल्टरशिवाय पाणी बोअरमध्ये सोडलंत तर गाळ खाली बसून झिरे बुजतात, आणि बुजलेलं बोअर मोकळं करण्याचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो.