तिसरा परिच्छेद

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली, बाबांच्या मृत्युपत्राचा मसुदाही वाचला. निवृत्तीच्या पैशातले दहा लाख बाबा आईच्या नावाने विद्यापीठाला ठेवताहेत, एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी, तुला केलंय, भाऊ घुश्शात आहे आणि तू विचारतेस, 'काका, मी कुणाची बाजू घेऊ?' बाजूचं नंतर बघू. देणं चांगलं की कसं यावर मी ओळही खर्च करणार नाही, तुमच्या घरात ते सांगायची वेळ येऊ नये. माझं भांडण त्या मसुद्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाशी आहे.

पदक बी.ए. मराठीत पहिल्या येणाऱ्या मुलीलाच. ती आईच्याच कॉलेजची हवी, वसतिगृहात राहिलेली हवी, तिने काव्याचा पेपर घेतलेला हवा, पदक सोन्याचंच हवं. हे मृत्युपत्र आहे की 'वधू पाहिजे'ची जाहिरात?

हेतू लिहा, अटी लिहू नका. एवढं एकच मला कळतं, पण ते पक्कं कळतं.

विद्यापीठात माझी बरीच नोकरी देणगी निधीच्या टेबलावर गेली. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही होती. एका पानावर एक निधी: देणगीदाराचं नाव, मुद्दल, व्याज, आणि शेवटच्या रकान्यात त्या वर्षीचा विजेता. एक पदक होतं अर्धमागधीत पहिल्या येणाऱ्या, ठरावीक तालुक्यातल्या, शिक्षकाच्या मुलीसाठी. त्या पानाच्या शेवटच्या रकान्यात दरवर्षी माझ्याच अक्षरात 'पात्र उमेदवार नाही'. खाली तेच, त्याच्या खाली तेच. निळी शाई संपून बॉलपेन आलं, शेरा बदलला नाही. व्याज साचत होतं, समोर मुली फीसाठी अर्ज घेऊन उभ्या होत्या आणि त्या व्याजाला हात लावता येत नव्हता. देणारा माणूस भलाच होता गं. पण विषय बंद पडेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आता सोन्याचं. १९८० च्या आसपास सोनं तोळ्याला दीड हजाराच्या आतबाहेर होतं. तेव्हा कुणी दहा हजार ठेवले तर सहा टक्क्यांनी वर्षाला सहाशे व्याज, त्यात लहानसं पदक होई. आज भाव लाखाच्या वर आणि व्याज तेच सहाशे. म्हणून बहुतेक सुवर्णपदकं मुलाम्याची असतात. बाबांचे दहा लाखही याच वाटेने जाणार. त्यापेक्षा 'मराठी शिकणाऱ्या गरजू मुलींच्या मदतीसाठी' एवढं लिहा आणि व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा असं सांगा. फार तर आणखी एक वाक्य: हे जमेनासं झालं तर या हेतूच्या सर्वांत जवळच्या कामाला रक्कम वापरावी. ते वाक्य नसलं की कोर्टाच्या पायऱ्या आल्या.

आणि 'पहिली' म्हणजे कुठे पहिली? स्वायत्त कॉलेजं आपापल्या परीक्षा घेतात. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्याआधी मराठवाडा विद्यापीठाचं नाव विस्तारलं. कॉलेज उद्या विद्यापीठ होईल किंवा दुसऱ्यात विलीन होईल. संस्थेचं पूर्ण अधिकृत नाव लिहा आणि पुढे 'किंवा तिची उत्तराधिकारी संस्था' जोडा.

आईचं नाव राहील ना, ही बाबांची खरी काळजी. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. १८६५ मध्ये शेअरबाजार कोसळला, त्यात त्यांचं दिवाळं निघालं. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला आणि आजही त्यांच्या आईच्याच नावाने, राजाबाई टॉवर म्हणूनच ओळखला जातो. खालच्या ग्रंथालयात बसणाऱ्याला कुणी तालुका विचारत नाही. बाबांना झेपत असेल तर थोडी रक्कम हयातीतच देऊन बघा म्हणावं. पैसा कसा वापरला जातो ते डोळ्यांनी दिसेल.

एक गृहस्थ अटींची यादी टाइप करून घेऊन आले होते. मी म्हटलं, अर्ध्या खोडून आणा. ते उठून गेले ते दुसऱ्या संस्थेत गेले. साहेब चिडले, 'हातातली लक्ष्मी घालवलीत' असं पुढे माझ्या निरोप समारंभातही कुणीतरी हसत हसत ऐकवलं. घालवली तर घालवली. वहीत आणखी एक मेलेलं पान मला नको होतं. आजही तेच म्हणेन. माझ्या स्वतःच्या मृत्युपत्रात विद्यापीठाचा परिच्छेद दोन ओळींचा आहे. मुलाने तो वाचला, तेव्हापासून फोनवर आम्ही हवापाण्याचंच बोलतो. वाईट वाटतं. बदललेला नाही.

कायद्याचं तुला ठाऊक असेल, तरी लिहितो. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. बाबांची सही दोघा साक्षीदारांनी पाहावी आणि बाबांसमोरच आपापली करावी. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्याच, आणि बाबांची बुद्धी शाबूत असल्याचा त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. भाऊ म्हणतो, एफडीला नॉमिनी मी आहे. असू दे. नॉमिनी पैसे सांभाळणारा, मालक नव्हे. गावचं घर वडिलोपार्जित असेल तर मात्र त्यातला बाबांना स्वतःचाच हिस्सा देता येईल, भावाचा नाही. हे त्याला स्पष्ट सांग, निम्मा राग तिथेच उतरेल.

उरलेल्या निम्म्यासाठी जमशेटजी टाटांचं उदाहरण दे. १८९८ मध्ये त्यांनी विज्ञानसंस्थेसाठी संपत्तीचा मोठा वाटा देऊ केला, १९०४ मध्ये ते गेले, संस्था १९०९ मध्ये बंगळूरला निघाली. मधली वर्षं वडिलांचा शब्द मुलांनी निभावला. जमशेटजींनी संस्थेला स्वतःचं नाव द्यायचा हट्ट धरला नाही, तरी बंगळूरचे जुने लोक तिला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. 'आपण टाटा नाही' असं भाऊ म्हणेलच. म्हणू दे. पण बाबा मसुदा करताहेत तोवर त्याला समोर बसव. बाबांच्या माघारी तो कोर्टात गेला तर एक्झिक्युटर म्हणून तुलाच धावावं लागेल, मला नाही.

तिसरा परिच्छेद नव्याने लिहून पाठव. तीन ओळींपेक्षा मोठा असला तर मी वाचणार नाही.

तुझा,
काका

ता. क. साक्षीदार म्हणून समोरच्या फ्लॅटमधल्या आजोबांचं नाव घातलंयस, ते बाबांहूनही थकलेत. तिशी-चाळिशीतले दोघे शोध.