स्पीड टेस्ट उत्तम, तरी आवाज तुटतो

प्रश्न : मी घरून ग्राहकसेवेचे कॉल घेते. वायफाय १०० एमबीपीएसचं आहे. तरी ग्राहक म्हणतात, ‘मॅडम, आवाज तुटतोय.’ मला मात्र त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. शिफ्टआधी काय तपासू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : स्पीड टेस्टच्या आकड्यावर विसंबू नका. जी.७११ या कोडेकवर (आवाजाचं डिजिटल रूप करण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या एका कॉलला एका दिशेनं ९० केबीपीएसच्या आतच लागतं, म्हणजे तुमच्या वेगाचा जेमतेम हजारावा भाग. आवाज २०-२० मिलिसेकंदांच्या पॅकेटांतून, म्हणजे छोट्या तुकड्यांतून, जातो. ती वाटेत हरवली किंवा उशिरा पोचली की शब्द गळतात. तुम्हाला नीट ऐकू येतं आणि ग्राहकाला येत नाही, यावरून पहिला संशय अपलोडवर. घरातल्या कुणाच्या मोबाइलचे फोटो त्याच वेळी क्लाउडवर चढत असतील, तर बॅकअप रात्रीवर टाका.

मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) द्या. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर राउटरचा पत्ता दिसेल. त्याला १०० पिंग, म्हणजे उत्तर मागणारे छोटे संदेश, पाठवा (ping -n 100 आणि पुढे तो पत्ता). इथंच पिंग हरवले, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. इंटरनेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल टाका. ते जमणारच नसेल, तर २.४ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय घ्या आणि राउटरच्याच खोलीत बसा. घरातले पिंग नीट असतील, तर ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पुन्हा १०० पाठवा. एकापेक्षा जास्त हरवले किंवा उत्तराच्या वेळा ३० मिलिसेकंदांहून जास्त मागेपुढे झाल्या, तर त्या निकालाचा स्क्रीनशॉट काढून इंटरनेटवाल्याकडे तक्रार नोंदवा.

हेडसेट यूएसबीचा असावा आणि हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावावा. ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की बहुतेक वेळा आवाजाचा दर्जा उतरतो. विंडोजमध्ये ‘डिफॉल्ट डिव्हाइस’ आणि ‘डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’ ही दोन वेगळी सेटिंग्ज आहेत. दोन्हीकडे हेडसेटच निवडा. नाहीतर गाणी हेडसेटमध्ये वाजतात आणि कॉलचा आवाज लॅपटॉपचा माइक उचलतो, पंख्याच्या घरघरीसकट. डायलर (कॉल लावण्या-घेण्याचं सॉफ्टवेअर) ब्राउझरमध्ये चालत असेल, तर माइकची परवानगीही पाहा.

शेवटी व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) जोडून, ‘अव्हेलेबल’ होण्याच्या १५ मिनिटं आधी स्वतःच्या मोबाइलवर टेस्ट कॉल लावा. तो घरातल्या दुसऱ्या कुणाला दुसऱ्या खोलीत उचलायला सांगा. मिनिटभर बोला, होल्ड आणि म्यूट दाबून पाहा. व्हीपीएन न जोडता केलेली तपासणी धरू नका, कारण कॉल व्हीपीएनच्याच वाटेनं जात असेल तर तुम्ही भलतीच वाट तपासलेली असते.

प्रश्न : कॉल जोडला जातो, सेकंद मोजले जातात, पण ग्राहकाचा आवाजच येत नाही. – एक वाचक, सातारा

उत्तर : इंटरनेटवरच्या कॉलमध्ये कॉल जोडण्याचं काम ‘सिप’ ही नियमावली करते, आवाज मात्र वेगळ्या पोर्टवरून (वेगळ्या दारातून) ‘आरटीपी’ या दुसऱ्या नियमावलीनं येतो. म्हणून घंटी वाजते आणि बोलणं अडतं. सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवरचं फोनचं अ‍ॅप) वापरत असाल, तर राउटरमधली ‘सिप एएलजी’ ही सोय बंद करून राउटर पुन्हा सुरू करा; ती सिपच्या संदेशांतले पत्ते बदलताना बऱ्याचदा चुकते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आवाज आला, तर दोष राउटरचा किंवा घरच्या जोडणीचाच. तिथंही नाही आला, तर कंपनीच्या आयटीला फायरवॉलमधले (नेटवर्कची राखण करणाऱ्या यंत्रणेतले) आवाजासाठीचे यूडीपी पोर्ट तपासायला सांगा.