ग्रामीण भागातले आरोग्य कर्मचारी डिजिटल प्रणाली शिकायला तयार का नसतात? त्यांना शिकवण्याचा चांगला मार्ग कोणता?

मार्गाचं नंतर बघू. आधी ते "तयार का नसतात" घेतो, कारण हेच वाक्य मी एका सभागृहात ऐकलंय आणि ते ऐकून हसलोयसुद्धा. त्या हसण्याचं अजून वाईट वाटतं.

मी नऊ वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर होतो. अकरा महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक दिवसाचा खंड, परत अकरा महिने. आता तालुक्याला सेवा केंद्र चालवतो, सातबारे आणि उत्पन्नाचे दाखले काढून देतो. त्यामुळे आता कुणाच्या गोपनीय अहवालाची भीती नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात जिल्ह्याला प्रशिक्षण होतं. साठेक सिस्टर (कागदोपत्री आरोग्य सेविका, पण त्यांना सिस्टरच म्हणतात), दोन पंखे, एक प्रोजेक्टर. स्लाइड सगळ्या इंग्रजीत. शिकवायला आलेले सर स्वतःच्या लॅपटॉपवर भराभर क्लिक करून दाखवत होते, बाकीच्यांच्या हातात फक्त पेन आणि फोल्डर. एका सिस्टरनं विचारलं, "सर, बाई माहेरी गेली बाळंतपणाला तर नोंद कुणाची, आमची का तिकडच्यांची?" प्रश्न अगदी बरोबर होता. सरांना उत्तर येत नसावं. ते म्हणाले, "तुम्हाला वॉट्सॲप बरोबर जमतं, मग हेच का जमत नाही? शिकायची तयारी नाही, दुसरं काय!" सभागृह हसलं. मीही हसलो. प्रश्न विचारणाऱ्या सिस्टर आमच्याच केंद्राच्या होत्या, माझ्या पुढच्या रांगेत. परत येताना जीपमध्ये त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

या सिस्टरना काय काय येत होतं ते सांगतो. पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख त्या बोलता बोलता सांगत. बीसीजीच्या एका कुपीत दहा डोस असतात आणि कुपी फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेलं टाकून द्यायचं. त्यामुळे कोणत्या वस्तीवरची पोरं कोणत्या दिवशी एकत्र आणायची हे गणित त्यांच्या डोक्यात तयार असे. यालाच तुम्ही लोक डेटा म्हणता ना?

आणि त्यांची एक वही होती. सरकारी रजिस्टरं डझनभर, ती वेगळीच. ही दोनशे पानी, स्वतःच्या पैशाची, वर पोरांच्या पुस्तकाला घालतात तसलं खाकी कव्हर. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गावं मार्च-एप्रिलपर्यंत ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गरोदर असली तरी जाते, कारण उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, दोघांच्या नावावर घेतलेली असते. म्हणून सिस्टरच्या वहीत प्रत्येक गरोदर बाईपुढे असे रकाने होते: मुकादमाचं (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचं) नाव, त्याचा फोन, कारखाना, कितवा महिना. जिची काळजी वाटते तिच्या नावापुढे लाल पेनानं त्रिकोण. आमच्या संगणकातल्या फॉर्ममध्ये मुकादमासाठी रकाना नव्हता. बाई "स्थलांतरित" अशी टिक करा, विषय संपला.

आता माझी करणी. त्या वेळी जी ऑनलाइन प्रणाली होती तिचं नाव घेत नाही, नंतर चार बदलल्या. त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी तालुक्याहून फोन आला, शुक्रवारी आढावा आहे, पेंडिंग शून्य पाहिजे. आढाव्यात ज्या केंद्रांची ओळ लाल दिसे त्यांना उभं करत. आमच्या दीडशेक नोंदी राहिल्या होत्या. नेट चालायचं रात्री दहानंतर. सिस्टर रजिस्टर ठेवून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "जिचं हिमोग्लोबिन झालं नाही तिथं रिकामं ठेवा. साहलीचं ॲसिड (हिमोग्लोबिन तपासायचं) संपलंय, मागणी करून दोन महिने झाले." मी हो म्हणालो. रात्री बसलो तर रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढच्या पानावर जाईना.

मग मी आकडे टाकले. चाळीसेक बायकांचे. सगळीकडे १० टाकलं तर वर लक्षात येतं, म्हणून १०.२, ९.८, १०.४ असे फिरवून फिरवून टाकले. ११ च्या खाली ठेवले, म्हणजे आपल्या भागात शोभतील असे. पहाटे दोनला शेवटची नोंद झाली. शुक्रवारी आमचं केंद्र तालुक्यात दुसरं आलं. प्रशस्तिपत्र मिळालं, प्लास्टिकच्या फ्रेममध्ये. ते बरेच दिवस ओपीडीच्या भिंतीवर होतं.

डिसेंबरात सिस्टर वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, जोखमीच्या मातांची यादी काढून द्या. मी काढून दिली. त्यांनी बोट फिरवत पाहिली आणि एक नाव नाही म्हणाल्या. वहीत त्या नावापुढे त्रिकोण होता आणि लिहिलं होतं, "पापण्या पांढऱ्या. दम लागतो. तपासणी राहिली." दुसरं बाळंतपण, सातवा महिना, कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या टोळीत. सिस्टमला विचाराल तर बाई ठणठणीत, हिमोग्लोबिन १०.४.

मुकादमाचा फोन तीन दिवस लागला नाही. चौथ्या दिवशी फडातून त्यानं बाईला फोन दिला. सिस्टरनी तिला तिथल्या आरोग्य केंद्रात जायला सांगितलं. ती गेली, हजेरी बुडवून गेली. तिथल्या सिस्टरनी कार्डावरच्या नंबरनं तिची नोंद शोधली, आणि नोंद लगेच सापडली! म्हणजे प्रणालीनं आपलं काम चोख केलं होतं, माझा खोटा आकडा तीनशे किलोमीटर लांब बिनचूक पोचवला होता. तिकडच्या सिस्टर म्हणाल्या, हिचं तर बरं आहे की, लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. आमच्या सिस्टरनी फोनवरूनच त्यांना सांगितलं, "ताई, तो आकडा सोडा. तिची पापणी खाली ओढून बघा."

तपासलं, ६.४ निघालं. सातच्या खाली म्हणजे गंभीर, रक्त द्यावं लागलं. फेब्रुवारीत दवाखान्यातच बाळंत झाली. मुलगी, दोन किलो शंभर ग्रॅम. दोघी वाचल्या.

सिस्टर मला रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "हे मी दिलं होतं का तुम्ही टाकलं?" मी म्हणालो, सिस्टर, फॉर्म पुढं जात नव्हता. त्या म्हणाल्या, "मग नसतं जाऊ द्यायचं."

तर, तयारी कुणाची नव्हती? त्या प्रशिक्षणानंतर मी सगळ्यात "डिजिटल" माणूस होतो. टायपिंग येत होतं, एक्सेल येत होतं. मी काय केलं ते वर लिहिलंय.

आणि हे काही फक्त आमच्या गावचं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले, हे आठवत असेल. फोन तापायचे, अडकायचे, ॲप इंग्रजीत होतं, दुरुस्तीचा खर्च पदरचा. तेव्हाही मी ज्या ज्या कार्यालयात गेलो तिथं एकच ऐकलं, बायकांना शिकायचं नाही. मराठीत ॲप द्या एवढ्या मागणीसाठी त्यांना भांडावं लागलं, याचं कुणाला काही वाटलं नाही.

उलट उदाहरणंही आहेत आणि ती जुनी आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांचं काम केलं. तिथल्या आरोग्यदूत बायका थोडंफार शिकलेल्या. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजायच्या, कागदावर लिहायच्या आणि त्या कागदावरून स्वतःच ठरवायच्या की बाळाला जंतुसंसर्ग आहे, औषध द्यायचं. नवजात मृत्यू निम्म्याच्याही खाली आले, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथला कागद लिहिणारीच्याच कामाचा होता. पुढे तीच पद्धत आशांमार्फत देशभर गेली. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट. आणि माझ्या टेबलावर तो फॉर्म यायचा तो कशासाठी? आशाचे अडीचशे रुपये निघावेत म्हणून. बाळाचा श्वास किती होता हे त्या फॉर्मवरून मला नऊ वर्षांत कुणी विचारलं नाही. सही आहे का, एवढंच विचारलं.

परदेशातलं हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेचं बघा. १९९४ मध्ये वर्णभेदी राजवट गेली तेव्हा तिथली आरोग्याची माहितीसुद्धा वंशावार वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली होती. केपटाऊनच्या बाजूच्या काही जिल्ह्यांत ती एकत्र करायचं काम सुरू झालं, ओस्लो विद्यापीठाचे लोक सोबत होते. त्यातून पुढे डीएचआयएस-२ नावाचं मोफत सॉफ्टवेअर झालं, आज ते ७० हून जास्त देशांत वापरतात. त्या लोकांचा मूळ आग्रह असा की आकडा जिथं गोळा होतो तिथल्या माणसाला तो आधी वापरता आला पाहिजे, मग वर पाठवा. मी हे वाचलं नोकरी सोडल्यावर. नऊ वर्षांत एकाही प्रशिक्षणात हे वाक्य ऐकलं नाही.

बरं, आता तुमचा मार्ग. सभागृहातलं प्रशिक्षण बंद करा. उपकेंद्रात जा, सिस्टरच्या फोनवर, तिच्याच गावातल्या दहा बायकांच्या खऱ्या नोंदी तिच्याकडून करून घ्या. दोन तास पुरतात. महिन्यानं परत जा, कारण खऱ्या अडचणी तेव्हा कळतात. शिकवायला शेजारच्या उपकेंद्रातली सिस्टर न्या, आमच्यासारखे ऑपरेटर नकोत आणि ते सर तर अजिबात नकोत. ॲप दिलं त्या दिवशी रजिस्टर बंद करायची हिंमत दाखवा, नाहीतर एकच बाई तीन ठिकाणी लिहायची म्हणजे कौशल्यवाढ होत नाही, मान दुखते. आणि प्रत्येक रकान्याला "तपासणी झाली नाही, साहित्य नव्हतं" असा पर्याय ठेवा. तो पर्याय जास्त वेळा आला तर सिस्टरला नोटीस काढू नका, ॲसिडची बाटली पाठवा.

आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणाऱ्या आभा कार्डाबद्दल कुणीतरी विचारेलच. चौदा अंकी नंबर, २०२१ पासून देशभर. कल्पना चांगली आहे, ऊसतोडीच्या बाईला तर सगळ्यात जास्त गरज तिचीच, कागद फडात भिजतात. पण माझ्या सेवा केंद्रात दर महिन्याला अशी कुटुंबं येतात की आधारला जोडलेला मोबाईल नंबर मुकादमाचा असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो. बाईच्या आजारपणाची किल्ली मुकादमाच्या खिशात, हे कुठल्या स्लाइडवर नसतं.

काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. सगळ्या सिस्टर तशा नव्हत्या. एकीच्या सगळ्या नोंदी तिचे मिस्टर घरी बसून करायचे आणि तेही माझ्यासारखेच आकडे फिरवायचे. कागदावर खोटं लिहीत नव्हते असंही नाही, कागद फक्त तीनशे किलोमीटर जात नव्हता. आणि सगळ्याच प्रणाली वाईट म्हणणं चूक आहे. क्षयरोगाच्या नि-क्षयमध्ये २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात दरमहा पाचशे रुपये यायला लागले, आता हजार झालेत. त्यातल्या बँक खात्याच्या नोंदी आमच्याकडे सगळ्यात बिनचूक असायच्या. कारण चूक झाली की रुग्ण दुसऱ्या आठवड्यात खिडकीशी उभा, "साहेब, पैसे का आले नाहीत?" लसीकरणाच्या कोविनचंही तसंच. लोकांना सर्टिफिकेट हवं होतं, नावातली वेलांटी चुकली तरी भांडायला यायचे.

त्यामुळे त्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. वॉट्सॲप जमतं, कारण त्यावर लिहिलं की समोरून कुणीतरी उत्तर देतं. सिस्टरनी वर्षानुवर्षं पाठवलेल्या आकड्यांना कुणाचं उत्तर आलं नाही, ॲसिडच्या मागणीलासुद्धा नाही.

सिस्टर २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. वही नव्या सिस्टरला देऊन गेल्या आणि ती मुलगी त्रिकोणसुद्धा तसेच काढते, टॅब हातात असताना.

सर, हे तुमच्या वाचनात आलं तर कळवा. प्रशिक्षणाच्या वॉट्सॲप ग्रुपमध्ये मी अजून आहे, तुम्हीही आहात. तिथंच लिहिणार होतो, पण त्या ग्रुपवर सेटिंग आहे, "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात."