वाचकांचे प्रश्न : तंबूचं भाडं वाढवावं, पण किती?

प्रश्न : भंडारदऱ्याजवळ आमच्या शेतात २० तंबूंचा कॅम्प आहे. शनिवार-रविवारी ४० माणसं असतात. माणशी १,२०० रुपये घेतो. त्यात रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि आंघोळीला गरम पाणी. वीज, सिलिंडर, डिझेल सगळंच महागलं. सरसकट १,५०० करावेत का? शेजारचे ९९९ला देतात, म्हणून हात आखडतो. (एक कॅम्पचालक, ता. अकोले)

उत्तर : दर वाढवण्याआधी मागच्या तीन महिन्यांची वीजबिलं काढा. प्रत्येक बिलाच्या एकूण रकमेला वापरलेल्या युनिटनी भागा. तुमचा खरा दर तोच. बिलावर छापलेला प्रतियुनिट दर धरू नका, कारण त्यात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क नसतं. खालच्या हिशेबात युनिटला १५ रुपये, व्यावसायिक गॅसला किलोमागे ९५ आणि डिझेलला लिटरमागे ९० धरले आहेत. तुमचे आकडे त्या जागी घाला.

कॅम्पवाले आधी दिव्यांच्या मागे लागतात. माळा काढतात, वाटेवरचे दिवे कमी करतात. तंबूत पाच वॅटचा बल्ब, म्हणजे २० तंबूंचे १०० वॅट. माळा आणि वाटेवरचे दिवे आणखी १००. सहा तास जळले तर सव्वा युनिट. ४० माणसांत मिळून १८-१९ रुपये, म्हणजे माणशी पन्नास पैसेसुद्धा नाहीत. मोबाइल चार्जिंग आणि पाण्याची एक एचपीची मोटर पाऊण तास धरली तरी माणशी आणखी पन्नास पैसे. इथे काटकसर करून काही हाती लागत नाही, उलट अंधारात कोणी दोरीला अडखळून पडलं तर दवाखान्याचा खर्च.

डीप फ्रीझर मात्र बघा. ३०० लिटरचा फ्रीझर दिवसाला साधारण तीन युनिट खातो, आणि पाहुणे दोनच दिवस असले तरी तो सातही दिवस चालतो. आठवड्याचे २१ युनिट म्हणजे ३१५ रुपये. ८० मुक्कामांवर वाटले तर माणशी चार. दिव्यांच्या आठपट. चिकन आणि मासे शनिवारी सकाळी मागवा आणि सोमवार ते शुक्रवार फ्रीझर बंद, दार थोडं उघडं. दार लावून बंद ठेवला तर आत बुरशी धरते.

सगळ्यात मोठा खड्डा गरम पाण्याचा. थंडीत १८ अंशांचं पाणी ४० अंशांपर्यंत न्यायला लिटरमागे साधारण २६ वॅट-तास लागतात (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). २० लिटरची बादली म्हणजे अर्धा युनिट, गीझरच्या टाकीतून आणि नळीतून जाणारी उष्णता धरून ०.६. म्हणजे नऊ रुपये. तोच पाहुणा शॉवरखाली आठ मिनिटं उभा राहिला तर मिनिटाला सात लिटरप्रमाणे ५६ लिटर गेलं, दीड युनिटाहून जास्त, २४ रुपये. बादली की शॉवर, एवढ्या एका निर्णयावर ४० माणसांमागे एका रात्रीत ६०० रुपयांचा फरक पडतो. शॉवर ठेवायचाच असेल तर मिनिटाला चार-पाच लिटर देणारी तोटी बसवा.

हेच पाणी गॅस गीझरवर तापवलं तर बादलीला ५० ग्रॅम गॅस, म्हणजे पाच रुपये. विजेच्या जवळजवळ निम्मे. पण गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसवायचा नाही, भिंतीच्या बाहेर छपराखाली बसवायचा आणि पाणी नळीने आत आणायचं. बंद न्हाणीघरात तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्याला कळतही नाही. याच कारणासाठी थंडीत पेटती शेगडी तंबूत कोणाला नेऊ देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. तुमच्याकडे तांब्याचा मोठा बंब असेल तर तोही चांगला, फक्त लाकूड विकतचं हवं. वनखात्याच्या हद्दीतून आणलेलं नको.

स्वयंपाकाला रात्रीचं जेवण, नाश्ता आणि दोन चहा मिळून माणशी १०० ते १५० ग्रॅम गॅस जातो, म्हणजे १० ते १४ रुपये. इथे गळती वेगळीच असते. एकाच सिलिंडरवर दोन मोठ्या भट्ट्या लावल्या की गॅस वेगाने निघतो, सिलिंडर थंडगार पडतो, खालच्या अंगाला दव नाहीतर बर्फ धरतो आणि ज्योत बसते. आचारी म्हणतो, ‘संपला.’ सिलिंडर परत जातो तेव्हा आत दीड-दोन किलो गॅस शिल्लक असतो. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. परत पाठवण्याआधी तराजूवर ठेवा. किंवा दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्या, म्हणजे दोन्हींवर भार वाटला जातो. घरगुती १४.२ किलोचा वापरून पैसे वाचवायचा विचार असेल तर तो सोडा. व्यवसायात तो वापरणं बेकायदा आहे, आणि आग लागली तर विमा कंपनी पहिलं तेच विचारते.

आता बेरीज करा. बादलीचं पाणी आणि गॅस गीझर असेल तर माणशी २०-२४ रुपये, विजेचा शॉवर असेल तर ३९-४३. ऊर्जा २० टक्क्यांनी महागली तरी वाढ माणशी चार ते नऊ रुपयांची. विजेच्या नावावर ३०० रुपये वाढवता येत नाहीत. मजुरी वाढली असेल, चिकन वाढलं असेल, तर त्याचा वेगळा हिशेब मांडा आणि पाहुण्याला तेच सांगा.

दोन गोष्टी मात्र या हिशेबाबाहेरच्या. पहिली, करांची. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या मुक्कामावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करून घेण्याची सोय) मिळत नाही. मुक्कामाच्या या तरतुदीत हॉटेलांबरोबर कॅम्पसाइटही येतात. व्यावसायिक सिलिंडरवर भरलेला १८ टक्के कर त्यामुळे तुमचाच खर्च धरा. (वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल तर कर लावायचा नाही, पण क्रेडिटही नाही, त्यामुळे सिलिंडरचा हिशेब तोच.) दुसरी गोष्ट जनरेटर. ती पुढच्या प्रश्नात.

प्रश्न : तापोळ्याच्या बाजूला आमचे १२ तंबू आहेत. पावसाळ्यात वीज सारखी जाते, म्हणून १५ केव्हीएचा जनरेटर घेतला. रात्री सहा तास चालतो. डिझेलच परवडत नाही. दर वाढवावा की जनरेटर लहान घ्यावा? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : जनरेटरवर रात्री भार किती असतो? तंबूंचे दिवे, पंखे आणि फ्रीज मिळून बहुधा दीड-दोन किलोवॅट. १५ केव्हीएचं यंत्र १२ किलोवॅटचं. पूर्ण भारावर ते लिटरला तीन युनिटांच्या आसपास देतं, तेव्हा युनिट ३० रुपयांना पडतं. दोन किलोवॅटवर तेच यंत्र तासाला सव्वा ते दीड लिटर पिऊन फक्त दोन युनिट देतं. युनिट ६०-६५ रुपयांना गेलं.

पैशांशिवाय यंत्राचंही नुकसान आहे. कमी भारावर इंजिनचा सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरच्या सांध्यांतून काळं, तेलकट ओघळायला लागतं. तुमच्याकडे तसं दिसत असेल तर इंजिन ऑइलही लवकर काळं होत असणार. जनरेटर तिसऱ्या हिश्शाहून कमी भारावर तासन्‌तास चालवू नये.

लहान जनरेटर घेण्याआधी इन्व्हर्टरचा हिशेब करा. पाच युनिट साठवणारी लिथियम बॅटरी घेतली की एक किलोवॅटचा भार चार-साडेचार तास निघतो. जनरेटर संध्याकाळी दीड-दोन तासच चालवायचा, पण त्या वेळेत बॅटरी चार्जिंग, पाण्याची मोटर आणि विजेचा गीझर एकदम लावायचे. दहा वाजता यंत्र बंद. पाहुण्यांनाही झोप लागते. लेड-ॲसिड घेणार असाल तर १५० एएचची एक बॅटरी कागदावर १.८ युनिटची असली तरी रोज निम्म्याहून जास्त काढू नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत बदलावी लागेल. म्हणजे पाच युनिटच्या लिथियमऐवजी तशा किमान पाच लागतील.

दराचं म्हणाल तर जनरेटरचा खर्च माणसामागे नाही, रात्रीमागे आहे. सहा तासांचे साडेसातशे-आठशे रुपये. २४ माणसं असतील तर माणशी ३३, आठच असतील तर शंभर. तेव्हा सगळ्यांचा दर वाढवण्यापेक्षा पावसाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवसांना ‘किमान सहा तंबू’ अशी अट घाला, किंवा तंबूचं भाडं वेगळं आणि माणशी जेवण वेगळं अशी आकारणी करा. दोन माणसं आली तरी तंबूचे पैसे येतात.

प्रश्न : आम्ही कुटुंबासह पवनेला गेलो. एसी तंबूचे ८०० रुपये जास्त घेतले आणि इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायचे ६०० वेगळे. हे वाजवी आहे का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : दीड टनाचा एसी घरात बंद-चालू होत राहतो. तंबूच्या कापडाला उष्णता अडवणारा थर नसतो, फटी असतात, त्यामुळे कॉम्प्रेसर रात्रभर थांबतच नाही. दहा तासांचे १२ ते १४ युनिट, म्हणजे दोनशे रुपये. यंत्राची घसारा-दुरुस्ती धरून ३०० ते ४०० समजण्यासारखे. उरलेले चारशे हौसेचे.

गाडीचं चार्जिंग साध्या १६ अँपियरच्या सॉकेटवर साधारण ३.३ किलोवॅटने होतं. आठ तासांत २५ ते २६ युनिट, म्हणजे वीज ३९०ची. कॅम्पची वीज दूरवरून केबलने येत असेल तर त्यांना जास्तच पडते. १०० मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १३ अँपियर गेले की जवळजवळ २० व्होल्ट आणि २५० वॅट तारेतच जातात. आठ तासांत दोन युनिट नुसती तार तापवण्यात. तरीही ६०० जास्तच. मीटर दाखवून युनिटप्रमाणे आकारणी असेल तर द्यावेत, नसेल तर मीटर कुठे आहे ते विचारावं. गाडी चार्ज करून देणं ही वीज विकणं नव्हे, त्याला वेगळा परवाना लागत नाही, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘परवान्याचे पैसे’ म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल तर सॉकेटचा स्क्रू सैल आहे; ताबडतोब बंद करा. कॅम्पवरचे सॉकेट पावसात भिजलेले, गंजलेले असतात आणि तासन्‌तास १३-१४ अँपियर घेणारं दुसरं काही त्यांना कधी लागलेलंच नसतं.

प्रश्न : आम्ही इंग्लंडात राहतो आणि कॅम्परव्हॅन घेऊन फिरतो. पूर्वी विजेच्या जोडणीचे ठरावीक पैसे असत, आता बऱ्याच ठिकाणी थंडीत मीटर लावतात. घरगुती विजेच्या दरावर सरकारी मर्यादा आहे ना, मग कॅम्पसाइटवाले दर कसे वाढवतात? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : ती मर्यादा घरगुती ग्राहकांसाठी आहे. कॅम्पसाइट व्यावसायिक करारावर वीज घेते, त्यामुळे २०२२च्या भाववाढीत त्यांना ते छत्र मिळालं नाही. मात्र मीटर लावून युनिटप्रमाणे घरगुती वापराची वीज दिली तर ऑफजेमच्या (तिथल्या ऊर्जा नियामकाच्या) नियमाने त्यांनी स्वतः दिलेल्या दराहून जास्त घेता येत नाही. स्थिर आकाराचा वाटा लावता येतो. तेव्हा ‘तुम्हाला युनिट कितीला पडतं?’ हा प्रश्न विचारायला संकोच नको.

ठरावीक पैसे का बंद झाले ते सोपं आहे. ती आकारणी उन्हाळ्यातल्या फ्रिज-दिव्यांच्या वापरावर बेतलेली होती. थंडीत कोणी दोन किलोवॅटचा पंखा-हीटर दहा तास लावला की २० युनिट. युनिटला ३० पेन्स धरले तर सहा पौंड, जागेच्या भाड्याचा मोठा भाग.

जोडणी किती अँपियरची तेही आधी विचारा. निळ्या प्लगचं सॉकेट १६चं दिसलं तरी मागे १० किंवा ६चा ब्रेकर असतो. १० अँपियर म्हणजे २,३०० वॅट. घरातली तीन किलोवॅटची केटल लावली की ब्रेकर पडणार. सहावर १,३८० वॅटच. व्हॅनमध्ये एक किलोवॅटच्या आतली केटल ठेवा आणि ती चालू असताना हीटर बंद. गॅसवर व्हॅन तापवत असाल तर थंडीत प्रोपेन घ्या. ब्यूटेन शून्याच्या आसपास बाटलीतून वर येतच नाही.

प्रश्न : कॅम्पवर सोलर बसवलं तर पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान मिळेल का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : नाही, ते फक्त राहत्या घरांना आहे. अनुदानाशिवायही दिवसा चालणाऱ्या मोटरला आणि फ्रीजला सोलर परवडतं; महाराष्ट्रात एक किलोवॅटला दिवसाचे साधारण चार युनिट, पावसाळ्यात निम्मे धरा. पण तुमचा खर्च आंघोळीच्या पाण्यावर असेल तर त्या पैशात आधी सौर बंब घ्या. अलिबागेत बोअरचं पाणी खारट किंवा क्षारयुक्त असेल तर काचनळ्यांचा थेट बंब घेऊ नका, वर्षभरात नळ्यांत खपली बसते. उष्णता विनिमयक असलेला घ्या. बंबातलं पाणी वेगळं राहतं आणि वापराचं पाणी त्यातल्या वेटोळ्यातून तापून येतं. त्या वेटोळ्यातही क्षार बसतातच, म्हणून दर वर्षी हंगाम संपला की सौम्य ॲसिडने धुऊन घ्यायचं.