वाचकांचे प्रश्न : काँगोतल्या खुणा

प्रश्न : काका, तुम्ही काँगोला यूएनच्या मिशनवर हेलिकॉप्टर उडवायचात असं मागच्या अंकात वाचलं. जीपीएस असताना खालच्या खुणा बघायची गरज पडायची का? आणि तिथलं आता काय आठवतं? – बारावीतला वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : रोज पडायची रे. जीपीएस तू कुठे आहेस ते सांगतो, पण पुढच्या खिंडीत ढग बसलाय का ते सांगत नाही, आणि तिकडं दुपार झाली की ढग असे भरून येतात की सकाळी ज्या खिंडीतनं गेलो ती परत येताना दिसतच नाही. मग नदी धरायची, नाहीतर किवू सरोवराचा काठ. गोमा उत्तर टोकाला, बुकावू दक्षिण टोकाला, काठ एका अंगाला ठेवून सरळ खाली यायचं. बुकावू चुकूच शकत नाही, शहराचे पाच भूभाग हाताच्या बोटांसारखे पाण्यात शिरलेत.

आम्ही गोम्यात होतो. समुद्रसपाटीपासून साधारण 1500 मीटर, म्हणजे हवा विरळ, त्यामुळं आमच्या एमआय-17 हेलिकॉप्टरमध्ये लोड घेताना प्रत्येक पोत्याचा हिशोब. आणि डोक्यावर न्यीरागोंगो ज्वालामुखी, 3470 मीटर! जानेवारी 2002 मध्ये तो फुटला तेव्हा लाव्हा शहरातनं वाहत सरोवरापर्यंत गेला, धावपट्टीचा उत्तरेकडचा भाग त्याखाली गेला, आम्ही पोचलो तेव्हाही ते तसंच होतं. वरनं हिरव्यागार केळी आणि मधनंच काळा पट्टा, त्या पट्ट्यावर परत पत्र्याची घरं, कंपाउंडच्या भिंतीसुद्धा त्याच लाव्ह्याचे दगड फोडून बांधलेल्या. रात्री ढगांना खालनं लाल उजेड यायचा, विवरातल्या लाव्ह्याचा.

रस्त्यावर चुकुडू असायचे, लाकडी दोनचाकी गाडा, चाकांना जुन्या टायरचं रबर, वर कोळशाची पोती, आणि माणूस एक गुडघा फळीवर टेकवून उतारावरनं सुसाट. गोम्यात एका चौकात चुकुडूवाल्याचा सोनेरी पुतळा आहे, मला तो फार आवडला, राबणाऱ्या माणसाचा पुतळा किती ठिकाणी असतो सांग?

गोम्याजवळच्या मासिसी भागातले डोंगर म्हणजे गुरांची कुरणं, बघत राहावं असं. पण तिथंच पांढऱ्या ताडपत्रीचे कॅम्प, लढाईनं गाव सोडून आलेल्या माणसांचे. वरनं ते लांबनं दिसायचे, पण खूण म्हणून धरता यायचे नाहीत, कारण लढाई सरकली की अख्खा कॅम्प उठायचा आणि पुढच्या वेळी तिथं नुसती तुडवलेली माती. ते बघून पोटात तुटायचं, अजून तुटतं.

प्रश्न : तिथं सोलापूरची आठवण यायची का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : यायची, आणि त्या काळ्या दगडामुळंच जास्त. आपल्या पायाखालचा काळा पाषाणही लाव्हाच आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची झिजून झिजून काळी माती झाली आणि त्यात आपली ज्वारी येते. शाळेत पाठ केलं होतं पण पटलं ते गोम्यात, ताजा लाव्हा बुटाखाली करकरला तेव्हा. तिथंही फटीफटीतनं हिरवं उगवायला लागलेलं होतं.

बारावीतल्या दोस्ता, मोबाईलवर सॅटेलाइट नकाशा उघड, गोमा शोध आणि डोंगराकडनं शहरात उतरलेले काळे पट्टे बघ. 2021 च्या मे महिन्यात तो परत फुटला, तेव्हाचा पट्टाही दिसेल. काही अडलं तर परत लिही.