देव नेईल हो, पण बस जाईल का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नाशिकचे. सासूबाई 71 वर्षांच्या आहेत, त्यांच्या मनात कधीपासून पशुपतिनाथ आहे म्हणून एका टूरवाल्याकडे पाच जणांचं बुकिंग केलंय, माणशी दहा हजार अ‍ॅडव्हान्स दिलाय. 27 फेब्रुवारी 2026 ला रेल्वेने गोरखपूर, मग बसने नेपाळच्या बॉर्डरवरचं सोनौली, लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू. 5 मार्चला सकाळी काठमांडूहून बस निघणार आणि त्याच वाटेने परत. सप्टेंबरमधलं नेपाळचं आंदोलन टीव्हीवर बघून मला धास्तीच बसलीय, हे म्हणतात आता सगळं शांत आहे, टूरवाला म्हणतो मॅडम टेन्शन नका घेऊ, आणि सासूबाई म्हणतात देवाच्या मनात असेल तर नेईल. जायचं की नाही?

उत्तर : देव नेईल हो, पण तुमचा टूरवाला 5 मार्चला बस कशी काढणारे हे आधी त्याला विचारा. त्या दिवशी नेपाळमध्ये निवडणूक आहे! मतदानाच्या दिवशी तिथे परवान्याशिवाय गाड्याच चालत नाहीत, सगळ्या देशात, दंगल असो नसो. आणि 2022 ला 20 नोव्हेंबरला मतदान होतं तेव्हा आधीचे तीन दिवस भारताची बॉर्डर बंद होती. म्हणजे नेमकी जी तारीख सोडून कुठलीही चालली असती ती या गृहस्थाने पकडलीय. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर, जा, पण या टूरने नाही.

आता धास्तीचं बोलू, कारण ती खोटी नाहीये. 2025 च्या सप्टेंबरात नेपाळ सरकारने फेसबुक, यूट्यूब धरून 26 अ‍ॅप बंद केली त्याचं निमित्त झालं, पण राग जुना होता, भ्रष्टाचाराचा, बेकारीचा, पुढाऱ्यांच्या पोरांच्या थाटामाटाचा. 8 तारखेला पोलिसांच्या गोळीबारात 19 जण गेले, 9 ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी संसद, सिंहदरबार (म्हणजे तिथलं मंत्रालय), सुप्रीम कोर्ट सगळं पेटलं, काठमांडूतलं हिल्टनसुद्धा जळालं. एकूण सत्तरच्या वर माणसं गेली. पशुपतिनाथाहून परतणाऱ्या आंध्रच्या यात्रेकरूंची बस सोनौलीच्या वाटेवर फोडून लुटली, म्हणजे तुमचीच वाट. पण हेही बघा की काठमांडूचा विमानतळ 9 ला दुपारी बंद झाला तो 10 ला संध्याकाळी उघडला, आणि 12 ला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. आपल्याकडचे बरेच पर्यटक तेव्हा अडकले होते, ते हॉटेलात बसून राहिले आणि विमानं सुरू झाल्यावर आले. भडका चार दिवसांचा होता, टीव्हीवर तेच व्हिडिओ दोन आठवडे चालले.

म्हणून मी 'शांत आहे का' हे विचारतच नाही, शांत तर 3 सप्टेंबरलाही होतं की. मी विचारते की सगळं चार दिवस ठप्प झालं तर माझ्याबरोबरचं सगळ्यात नाजूक माणूस कुठे बसलेलं असेल. हे मी 2015 ला शिकले. नेपाळच्या नव्या घटनेवरून तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट भागात, आंदोलन पेटलेलं, बॉर्डरवरून माल येणं बंद, आणि मी तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत या एका कारणासाठी नोव्हेंबरात काठमांडूला गेले (हो, मूर्खपणाच). कुणी मला दगड मारला नाही, लोक उलट जास्तच प्रेमाने वागले, पण पेट्रोल नाही म्हणून टॅक्सी नाही, गॅस नाही म्हणून हॉटेलच्या मागच्या अंगणात लाकडांवर डाळभात, दोन्ही वेळा तोच, आणि भक्तपूरला जायचं तर टॅक्सीवाला चौपट मागायचा. मी तेव्हा धडधाकट होते म्हणून आज त्याची मजेत गोष्ट सांगतेय. तुमच्या सासूबाईंना बीपीच्या गोळ्या असतील, गुडघे असतील, आणि त्या बसमध्ये असतील. काठमांडू ते सोनौली नऊ-दहा तासांचा रस्ता, बराचसा घाटाचा, मध्ये बंद पडला की तिथेच. हॉटेलात अडकणं आणि रस्त्यात अडकणं यात फार फरक आहे बघा.

तर मी काय करेन? मुंबई-दिल्ली-काठमांडू विमानाने, एप्रिलच्या मध्यावर, निकाल लागून नवं सरकार बसू दे. महाशिवरात्रीला, 15 फेब्रुवारीला, जावं असं सासूबाई म्हणतील, पण त्या दिवशी पशुपतिनाथाला जी गर्दी असते त्यात 71 वर्षांच्या बाईंना नेणं मला राजकारणापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. चार-पाच रात्री फक्त काठमांडू, गोळ्या आठवडाभराच्या जास्तीच्या, हॉटेल देवळापासून जवळचं. सप्टेंबरात जळालेलं संसद भवन बानेश्वरला आहे, त्या बाजूला नको. मुक्तिनाथ सोडा, ते साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, सासूबाईंची तब्येत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. निघायच्या आठवड्यात आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना वाचायची, सप्टेंबरात त्यांनी परिस्थिती निवळेपर्यंत जाऊ नका असं स्वच्छ सांगितलं होतं, तसं असलं की वाद न घालता तारीख पुढे ढकलायची. इन्शुरन्स घ्या, पण दंगल, बंद, कर्फ्यू यात पैसे मिळतात का ते बारीक अक्षरात वाचा, बऱ्याच पॉलिसीत मिळत नाहीत.

दहा हजारांचं म्हणाल तर टूरवाल्याला 5 मार्चचं लिहून पाठवा आणि तारीख बदलून मागा. नाहीच ऐकलं तर गेले म्हणायचे. त्या पन्नास हजारांसाठी मी जशी 2015 ला गेले तसं तुम्ही जाऊ नका.

प्रश्न : नेपाळला आधार कार्ड चालतं का? नवरा म्हणतो चालतं.

उत्तर : विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदान कार्ड, दोन्हीपैकी एक ओरिजिनल. नुसतं आधार 15 वर्षांखालच्यांना आणि 65 च्या वरच्यांना चालतं, म्हणजे वरच्या पत्रातल्या सासूबाई जातील आणि तुमचे हे काउंटरवर राहतील.